नॅचरल फायबर ठीके, पण झाड कुठलं?

बँकॉकच्या चतुचक मार्केटमधून मी एक विणलेली बॅग आणली आणि घरी आल्या आल्या कौतुकाने सासूबाईंना दाखवली. त्यांनी ती उलटी केली, तळ बघितला, कड दाबून बघितली, नाकाशी धरली आणि विचारलं, "कशाची गं ही?" मी टॅग वाचून म्हटलं, नॅचरल फायबर. तर म्हणाल्या, "अगं नॅचरल काय, काथ्यापण नॅचरल आणि केरसुणीपण. झाड कुठलं ते सांग."

मला सांगता येईना. त्या चिपळूणकडच्या, लहानपणी त्यांच्या दारात बुरूड सुपं, रोवळ्या, टोपल्या घेऊन यायचे, त्यामुळे टोपली दिसली की त्यांचे दोनच प्रश्न असतात, कशाची आणि कशासाठी. मी तेव्हा हसले, पण पुढे जुलैत त्याच बॅगेवर पांढरी बुरशी चढली तेव्हा हसू गेलं आणि मी वाचायला बसले. आणि खरं सांगते, थाई टोपल्या समजून घ्यायच्या तर हे दोन प्रश्न पुरतात. टॅगवरच्या त्या एका शब्दाखाली बांबू असतो, वेत असतो, पाणथळीतलं लव्हाळं असतं, नदीतली जलपर्णी असते आणि चक्क एक नेचाही (फर्न) असतो, आणि यातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, विणायची पद्धत वेगळी, आयुष्य वेगळं. सगळ्यांना एकाच नावाने हाक मारणं म्हणजे भाकरी, पुरणपोळी आणि पाव या सगळ्याला 'पिठाचं' म्हणण्यासारखं आहे.

बांबूपासून सुरू करू, कारण तो आपल्या ओळखीचा. बांबू हे झाड नाही, गवत आहे, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण टोपलीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्याचे धागे सगळे उभे, खालून वर जातात, पेरं सोडलं तर आडवं काही नसतं. म्हणून कोयता एकदा नीट बसवला की बांबू सरळ फाटत जातो, अर्ध्याचं अर्धं, त्याचं परत अर्धं. लाकडाची अशी पट्टी काढून बघा, अर्ध्यावर तिरकी जाऊन तुटेल. दुसरी गोष्ट म्हणजे हे धागे सगळीकडे सारखे नसतात, सालीकडे दाट आणि आत पोकळीकडे विरळ. त्यामुळे सालीलगतची पट्टी चिवट आणि आतली ठिसूळ. चांगला कारागीर सालीकडची पट्टी विणायला घेतो आणि आतली फेकतो नाहीतर कमी ताणाच्या जागी वापरतो. थाईमध्ये या पट्टीला 'तोक' म्हणतात, आपले बुरूड बेळ म्हणतात तीच. टोपलीची अर्धी मेहनत विणण्याच्या आधीच, या पट्ट्या एकसारख्या करण्यातच जाते, आणि फोटोत मात्र नेहमी विणणारी आजीच दिसते.

आता 'कशासाठी' बघा. थायलंडच्या ईशान्येला इसान नावाचा मोठा भाग आहे, लाओसला लागून, भाषाही लाओशी मिळतीजुळती. तिथे रोजच्या जेवणात चिकट तांदूळ असतो, भाताची गोळी करून हाताने खायची, आपण भाकरीचा तुकडा मोडतो तशी. या तांदळात अमायलोज, म्हणजे स्टार्चचा एक प्रकार, जवळजवळ नसतंच, म्हणून तो शिजल्यावर एकमेकाला चिकटतो. तो पाण्यात उकळत नाहीत, रात्रभर भिजवून वाफवतात, आणि वाफवायला बांबूची शंकूसारखी टोपली असते, 'हुअत', ती निमुळत्या गळ्याच्या भांड्यावर बसवायची, वाफ खालून येते आणि विणीतून तांदळात शिरते. मोदकपात्राचंच तत्त्व, फक्त चाळणी बांबूची.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. शिजलेला भात दिवसभर ठेवायचा कशात? स्टीलच्या डब्यात गरम पोळ्या ठेवल्या की काय होतं आपल्याला माहितीये, झाकणाला आतून घाम सुटतो, थेंब खाली पडतात आणि वरची पोळी लगदा होते, म्हणून आपण डब्यात फडकं घालतो. चिकट भाताचं तर त्याहून वाईट, ओला झाला की खळ आणि उघडा राहिला की दगड. यावर इसानच्या लोकांचा उपाय म्हणजे 'क्रतिप', बांबूचा झाकणवाला डबा. हा डबा दोन पदरी असतो. आधी लांब नळीसारखं विणतात आणि मग ती नळी अर्ध्यात स्वतःच्याच आत दुमडतात, म्हणजे भिंत दुहेरी होते आणि मधे हवेचा पातळ थर राहतो. हवेमुळे ऊब टिकते, जादाची वाफ विणीतून हळूहळू निघून जाते, आणि थोडा दमटपणा बांबू स्वतःच शोषून घेतो त्यामुळे थेंब पडत नाहीत. म्हणजे डबा आणि फडकं दोन्ही कामं एकच वस्तू करते. तळाला ताडाच्या पानाच्या देठाचं कडं शिवलेलं असतं, त्यामुळे तळ जमिनीला टेकत नाही, आणि झाकणाला दोरी, खांद्याला अडकवून शेतावर न्यायला. जेवण झालं की झाकण परत लावायचंच, नाही लावलं तर घरात ताटातूट होते अशी लाओ लोकांत समजूत आहे. मला वाटतं ज्या बाईने पहिल्यांदा हे सांगितलं तिला वाळलेला भात फेकून द्यायचा कंटाळा आला असणार.

मी दुसऱ्या खेपेला क्रतिप आणला. सासूबाईंनी झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही आपल्या रोवळीची बहीण." रोवळीत तांदूळ धुवायचे, पाणी निघून जायचं आणि दाणा आत राहायचा, म्हणजे काय जाऊ द्यायचं आणि काय ठेवायचं हे विणीच्या फटीवर ठरतं. क्रतिपमध्ये पाण्याच्या जागी वाफ, एवढाच फरक.

विणीबद्दल आता जरा शांतपणे बोलू, कारण इथे बरेच जण 'डिझाइन' म्हणून पुढे जातात. सगळ्यात साधी वीण म्हणजे एक वर एक खाली. घट्ट होते, पण पट्टी जाड असेल तर दर वेळी वाकताना तिचा जीव जातो. मग दोन वर दोन खाली करायचं आणि पुढच्या ओळीत एक घर सरकायचं, की तिरक्या रेघा उमटतात, जीन्सच्या कापडावर दिसतात तशा. याने वीण जास्त लवचिक होते आणि पट्ट्या जास्त जवळ बसतात. म्हणजे ती तिरकी नक्षी आधी गरज म्हणून येते, दिसायला छान हा बोनस. या तिरक्या विणीचे खेळ करत करत थाई कारागीर फुलं काढतात, आणि त्यातल्या एका जुन्या नक्षीचं नाव आहे 'दोक फिकुन'. दोक म्हणजे फूल. आणि फिकुन म्हणजे काय माहितीये, आपली बकुळ! शब्द संस्कृत-पालीतून गेलाय, लिहिताना शेवटी ल च लिहितात, पण थाईत शब्दाच्या शेवटी आलेल्या ल चा उच्चार न होतो. फूल तेच, झाडही तेच. हे कळल्यावर मी माझ्या टोपलीवरची ती बारकी चांदणी परत निरखून बघितली आणि खरंच, ओंजळीत घेतलेल्या बकुळीसारखी दिसते हो.

तिसरी वीण षटकोनी, मोठ्या भोकांची. आपल्याकडे कोंबड्या झाकायच्या डालग्यात किंवा आंब्याच्या करंडीत अशी भोकाभोकांची वीण बघितली असेल. यात पट्ट्या दोन नाही तर तीन दिशांनी जातात आणि एकमेकींना अडकवून धरतात. चौकटीला कोपऱ्यातून ढकललं की ती तिरकी होते, पण त्रिकोण ढकलून बघा, जागचा हलत नाही, तसं हे, त्यामुळे बांबू कमी लागतो, वजन कमी आणि तरी टोपली डगमगत नाही. थायलंडमध्ये या विणीची 'छलोम' नावाची टोपली असते, फळं किंवा गावाहून भेट न्यायला, वरच्या कामट्या कापत नाहीत, तशाच मोकळ्या सोडून शेवटी एकत्र बांधतात, गाठोड्यासारख्या. २०२२ मध्ये एपेकची, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक गटाची, बैठक बँकॉकला झाली तेव्हा थायलंडने लोगो म्हणून हीच छलोम घेतली होती. देशोदेशीचे पंतप्रधान येणार आणि मागे चित्र कशाचं तर बाजारहाटाच्या टोपलीचं, मला आवडलं ते.

आणि आता गणित, घाबरू नका. षटकोन षटकोन विणत गेलात तर पसरत जाते सपाट चटई, कितीही विणा. मग टोपलीला गोलाई येते कशी? सहाच्या जागी पाच. एका भोकाभोवती सहाऐवजी पाचच पट्ट्या घेतल्या, म्हणजे पंचकोन केला, की तिथे चटई आपोआप फुगते, वाटीसारखी होते. पुरता बंद चेंडू करायचा असेल तर असे पंचकोन बरोबर १२ लागतात, ना ११ ना १३, आणि हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. जुन्या फुटबॉलवरचे काळे पंचकोन मोजा, १२. थाई लोकांचा 'तक्रॉ' चेंडू, पायाने खेळतात तो, सेपक तक्रॉ म्हणजे पायाने खेळायचं व्हॉलीबॉल, त्या चेंडूलाही भोकं १२ आणि पट्ट्या एकमेकींवरून जाण्याच्या जागा २०. पूर्वी तो वेताचा विणायचे, आता स्पर्धेत सिंथेटिक असतो, पण भोकांचा हिशोब वेताच्या काळातलाच राहिला. २०१८ च्या एशियाडमध्ये आपल्या पुरुषांच्या टीमला यात ब्राँझ मिळालं होतं, कुणाला आठवत असेल तर. ज्या बाईने पहिला गोल चेंडू विणला तिला हे सूत्र माहीत नव्हतं, पण तेरावा पंचकोन बसत नाही हे तिच्या हातांना नक्की माहीत होतं.

बांबूचं एवढं पुरे, पाण्यातल्या झाडांकडे येऊ, कारण दुकानात हल्ली जास्त तेच दिसतं.

दक्षिण थायलंडमध्ये फत्तलुंग प्रांतात थले नोई नावाचं सरोवर आहे, नावाचा अर्थच छोटा समुद्र. उथळ पाणी, कमळं, पाण्यात मान वर काढून चरणाऱ्या म्हशी. रामसर म्हणजे पाणथळ जागा जपायचा आंतरराष्ट्रीय करार, आणि हा थायलंडचा त्याच्या यादीतला पहिला भाग, १९९८ मध्ये गेला, आणि तिथल्या म्हैसपालनाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. या पाणथळीत 'क्रचूत' उगवतं. आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं, पण उंच, माणसाच्या डोक्यावर जाणारं, दांडी गोल आणि हिरवी आणि पान जवळजवळ नाहीच, नुसत्या काड्या उभ्या केल्यासारखं. दांडी आतून पोकळ असते आणि पोकळीत ठिकठिकाणी पडदे, म्हणून ती पाण्यात ताठ उभी राहते.

या पोकळीचाच मग विणताना त्रास होतो. ओली दांडी नुसती उन्हात टाकली तर वेडीवाकडी वाळते आणि दुमडली की तडकते. म्हणून क्रचूत कापून आणलं की आधी पांढऱ्या मातीच्या चिखलात घोळवतात, अगदी भजी पिठात बुडवावी तसं, आणि मग वाळत घालतात. मातीचा लेप असल्यामुळे पाणी एकदम उडून जात नाही, हळूहळू जातं, आणि दांडी लवचिक राहते. मग ती दाबून चपटी करायची, पूर्वी मुसळाने कुटायचे, आता रोलर आहेत, म्हणजे आतले पडदे फुटतात आणि काडीची पट्टी होते. रंग द्यायचा तर आता. आणि मग जमिनीवर बसून विणायचं, मूळ उत्पादन बॅग नव्हतंच, चटया आणि पोती होती. प्लास्टिकची चटई आल्यावर चटईवाल्यांचं काय झालं ते सांगायला नको, आपल्याकडेही तेच झालंय. बॅग, लॅम्पशेड, कुंडीचं कव्हर हे सगळं नंतर आलं, शहरातला गिऱ्हाईक बघून.

जाता जाता एक. ऑनलाइन अशा बऱ्याच टोपल्यांवर 'सीग्रास' लिहिलेलं असतं. खरं सीग्रास समुद्राच्या तळाशी उगवतं आणि त्याच्याशी या टोपल्यांचा सहसा काही संबंध नसतो, बहुतेक वेळा ते लव्हाळ्याच्याच कुळातलं काहीतरी असतं. नाव छान वाटतं म्हणून चालतं.

आता माझी ती बुरशीवाली बॅग. ती निघाली जलपर्णीची. हे मी जेवताना घरी सांगितलं तर सासूबाईंनी घास हातातच धरून विचारलं, "म्हणजे ती नदीतली घाण? पैसे देऊन आणलीस?" आता पवनेवर, मुळा-मुठेवर दर उन्हाळ्यात तो हिरवा गालिचा आणि त्यावरचे डास बघितलेल्या माणसाला जलपर्णीचं कौतुक सांगणं अवघडच आहे.

थायलंडमध्ये तिची गोष्ट गमतीदार आहे. मूळ झाड दक्षिण अमेरिकेचं, ॲमेझॉनकडचं. जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून जगभर बागांमध्ये गेलं. थायलंडच्या राजघराण्याच्या जावा दौऱ्यानंतर १९०१ मध्ये ते तिथून शोभेचं म्हणून आणलं, त्यामुळे थाई नाव पडलं 'फक तोप चवा', त्यातला चवा म्हणजे जावा. पुढे ते तळ्यातून कालव्यात गेलं आणि कालव्यातून नदीत. परिस्थिती पोषक असेल तर दोनेक आठवड्यात दुप्पट होणारं झाड ते, बारा वर्षांत एवढं माजलं की १९१३ मध्ये जलपर्णीच्या निर्मूलनासाठी वेगळा कायदाच करावा लागला. आणि कायद्याला न जुमानता ती आजही तिथे आहे, जशी आपल्याकडे आहे.

मग कुणीतरी तिचे देठ वाळवून विणायला घेतले. उत्तरेकडे फायाओ नावाचा प्रांत आहे, मोठं सरोवर आहे, तिथल्या गावांचं या कामात नाव आहे. तंत्र असं की पानं आणि मुळं टाकून द्यायची, फक्त देठ ठेवायचे, तेही लांब. जलपर्णी मोकळ्या पाण्यात एकटी असेल तर तिचे देठ आखूड आणि फुगीर होतात, फुग्यासारखे, ते विणायच्या कामाचे नाहीत. दाटीवाटीत वाढली तर उजेडासाठी देठ लांबतात. म्हणजे विणणाऱ्यांना पाहिजे असते माजलेली, गच्च जलपर्णी. उन्हात बरेच दिवस वाळवतात, देठ आतून स्पंजसारखा असल्यामुळे वाळून चपटा होतो, मग गंधकाची धुरी देतात, त्याने रंग उजळतो आणि बुरशीही लांब राहते. नंतर पट्टी तशीच विणायची किंवा वेणी घालून दोर करायचा आणि तो सांगाड्यावर गुंडाळत जायचा.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायचीये, कारण आपल्याकडेही अधूनमधून ही बातमी फिरते की जलपर्णीपासून टोपल्या करा, रोजगार पण आणि नदी पण साफ. रोजगार, हो. आसाममध्येही लोक हे काम करतात आणि चांगल्या वस्तू करतात. पण नदी साफ, नाही हो. एकतर जलपर्णी म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, ढीगभर काढा आणि वाळल्यावर मूठभर उरते. त्यातले लांब देठ तेवढेच कामाचे. आणि मुळात ती माजते कशामुळे, तर पाण्यात सांडपाणी येतं, त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस तिचं खाणं. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसल्यासारखं आहे ते. टोपली चांगलीच आहे, पण तिच्या डोक्यावर नदीची जबाबदारी कशाला.

आता शेवटचं झाड, आणि माझं सगळ्यात लाडकं. 'यान लिफाव'. दक्षिणेत नखोन सी थम्मरात नावाचं जुनं शहर आहे, नाव नीट ऐका, नगर श्री धर्मराज. तिथल्या बोलीत यान म्हणजे वेल. पण हा वेल वेल नाहीच! हा नेचा आहे, लायगोडियम जातीचा, आणि झाडावर चढत गेलेली ती जी लांब दोरी दिसते ती वनस्पतीचं खोड नसून एका पानाची मधली शीर असते. एकच पान, मीटरच्या मीटर वाढत, गुंडाळत वर जातं. म्हणजे थायलंडची ही महागडी हँडबॅग पानाच्या शिरेपासून विणलेली असते. याचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीत, कोकणात कुंपणांवर चढलेले दिसतात, आपण बघत नाही एवढंच. आणि याच कुळातल्या एका नेच्याने अमेरिकेत फ्लोरिडामध्ये उच्छाद मांडलाय, झाडांवर चढून त्यांना झाकून टाकतो आणि वणवा लागला की आग त्याच्यावरून शेंड्यापर्यंत चढते, तिथे तो मारायला सरकार पैसे खर्च करतं.

काम असं करतात. शीर चिरून आतला गाभा काढून टाकायचा, बाहेरची साल तेवढी ठेवायची, ती नैसर्गिकच तपकिरी-काळी आणि चकचकीत असते. मग पत्र्याच्या डब्याचं झाकण घ्यायचं, त्याला लहान होत जाणारी भोकं पाडायची आणि सालीची पट्टी एकेका भोकातून ओढत न्यायची, दर भोकाला कडा थोड्या तासल्या जातात आणि शेवटी सगळ्या पट्ट्या एका जाडीच्या, जवळपास दोऱ्याएवढ्या होतात. सोनार तार ओढतो तेच. आणि या एवढ्या नाजूक कामाचं हत्यार काय, तर डब्याचं झाकण. मग बांबूच्या बारीक काड्यांचा सांगाडा करून त्यावर ही पट्टी टोच्याने भोक पाडत पाडत गुंडाळायची. एका बॅगेला महिने लागतात. लांबून बघितलं तर विणलेली वाटतच नाही, पॉलिश केलेलं लाकूड वाटतं. जुन्या बॅगांना त्याच शहरातल्या काळ्या मिनाकामाच्या चांदीच्या कड्या लावायचे.

राजा पाचवा राम याच्या काळात दरबारी बायकांमध्ये याची फॅशन होती, नंतर उतरली, आणि जाणणारे हात कमी होत गेले. परत वर आणली ती राणी सिरिकित यांनी, १९७६ मध्ये सपोर्ट नावाचं फाउंडेशन काढून गावोगाव शिकवायची सोय केली आणि स्वतः परदेश दौऱ्यात या बॅगा हातात घेतल्या, राणीच्या हातात दिसली म्हटल्यावर बाकीच्यांना पाहिजेच. २००१ पासून सरकारची ओटॉप, म्हणजे 'वन तांबोन वन प्रॉडक्ट', योजना आली, तांबोन म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा गावांचा गट, प्रत्येकाने एक वस्तू पुढे आणायची, कल्पना जपानच्या ओइता प्रांतातून घेतलेली. वस्तूंना एक ते पाच स्टार देतात. याचा फायदा झाला यात शंका नाही, पण स्टारसाठी सगळ्या गावांच्या बॅगा हळूहळू सारख्या दिसायला लागतात असं मला दुकानात फिरताना वाटलं. मासे पकडायचा 'साय' नावाचा सापळा असतो, कोकणात पावसात वहाळात बांबूचा लावतात तसा, आत शिरायची वाट निमुळती, बाहेर यायची नाही. तो आता छोटा करून दुकानांच्या दारात टांगतात, पैसा आत यावा आणि बाहेर जाऊ नये म्हणून. एवढा मस्त उपयोग कुठल्याही योजनेने सुचवला नसता.

विकत घेताना काय बघायचं ते सासूबाईंकडून शिकलेय, थायलंडलाही लागू पडतं. आधी कड. टोपली मधे फाटत नाही, कडेला सुटते, म्हणून वरची कड कशी बांधलीये बघा, वेताने गच्च गुंडाळलेली असेल तर उत्तम, गोंदाने चिकटवून वर लेस लावली असेल तर सोडा. मग आतून बघा, पट्ट्यांची टोकं परत विणीत खोचलेली आहेत की नुसती कापलीयेत. उजेडासमोर धरा. आणि वास घ्या, गवताचा, धुराचा, मातीचा चालेल, कुबट नको, वार्निशचा फार येत असेल तर आत काय लपवलंय असा संशय घ्या. बांबूच्या टोपलीखाली पीठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर आत भुंगेरे आहेत, ते बांबूतला स्टार्च खातात, म्हणून चांगले कारागीर बांबू आधी पाण्यात मुरवून ठेवतात, स्टार्च निघून जातो.

आणि बुरशीचं. मला प्रश्न हा पडला होता की थायलंड आपल्या कोकणाएवढंच दमट, मग तिथे या वस्तू कशा टिकतात? उत्तर एवढंच की तिथे त्या रोज वापरात असतात, भिंतीला टांगलेल्या, वारा लागणाऱ्या, आणि जुन्या घरात चुलीच्या धुरात. मी काय केलं होतं, तर जपून ठेवायची म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात. जलपर्णीचा देठ स्पंजसारखा, हवेतलं पाणी ओढणारच. आता ती पावसाळ्यात दाराजवळच्या खुंटीला असते. बुरशी कोरड्या ब्रशने झटकली, व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसली आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवली, गेली. भर दुपारच्या उन्हात ठेवू नका, रंग उडतो आणि पट्टी तडकते. बांबूचा क्रतिप धुतलात तरी चालतो, साबण लावू नका, आणि आडवा ठेवून वाळवा म्हणजे दोन पदरांच्या मधलं पाणी निघतं.

आमच्या क्रतिपमध्ये चिकट भात दोनदाच झाला, मुलांना आवडला नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर सासूबाईंनी त्यात भाकऱ्या ठेवल्या होत्या, फडकं न घालता, आणि दुपारी झाकण उघडून मला बोट लावून बघायला लावलं, कोरड्या होत्या.